खंडेनवमीची बॅच

दिंडोशी, सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. मधुमामा,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका, आधी वाचा. परवा मामीचा फोन होता, "तुझे मामा पोस्टमनची वाट बघत गॅलरीत उभे असतात" म्हणाली. काय करणार? तुमचे कान त्या व्हॅक्यूम पंपांनी नेले, मोबाईल मामीच्या ताब्यात, आणि बोरिवलीला येऊन बोलावं तर मला ओरडावं लागतं, म्हणजे अख्ख्या सोसायटीला आमच्या कारखान्याची बातमी. त्यातून हे प्रकरण ओरडून सांगण्यासारखं नाही.

खंडेनवमीची बॅच सोलली, मामा.

तुम्ही १ तारखेला पूजेला आला होतात त्याच दुपारी लावलेली. मुलुंडच्या पार्टीचे पंच, एकशे वीस नग, औषधाच्या गोळ्या दाबायच्या मशीनचे. कोटिंगच्या चेंबरमधून बाहेर आले तेव्हा असा झकास सोनेरी रंग होता की मालक असून केयूरने स्वतः फोटो काढले. पंचांसोबत लावलेला टेस्टचा तुकडाही ठीक होता. माल गेला, दसरा झाला, आणि आठ दिवसांनी मुलुंडहून फोन. पांढऱ्या गोळीवर सोनेरी ठिपका! नशीब की त्यांच्या चाचणीतच दिसला, गोळ्या बाहेर गेल्या नाहीत. पंच परत आले. तोंडावर नख लावलं की पापुद्रा सुटतो. ज्या थराने पोलाद झिजू नये म्हणून लोक आपल्याकडे येतात, तो थर माझ्या नखाने निघाला.

केयूरने मला आणि भीमराजला केबिनमध्ये उभं केलं. त्याचे वडील, मोठे शेठ, असते तर आधी चहा मागवला असता. हा म्हणाला, "३१ तारखेपर्यंत मला कारण द्या. कारण नसेल तर माणूस द्या. तुम्ही दोघंच चेंबरवर असता, दोघांपैकी एक घरी बसेल." एवढं बोलून त्याने लॅपटॉप उघडलासुद्धा.

चेंबरची जबाबदारी तुमच्यानंतर माझ्याकडे आली तेव्हा लोक काय काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. भाचीला चिकटवली, वगैरे. आता त्यांना आयतं कोलीत मिळालं. आणि भीमराज तर एकोणीस वर्षं तिथे उभा आहे, तुमच्याच हाताखाली तयार झालेला. धुणं तो, लावणं तो, पंप चालू करणं तो. मी त्याला घालवायचं की स्वतः जायचं?

पॅकिंगमधल्या बायकांचं वेगळंच. म्हणतात, यंदा 'देवाचा वाटा' बंद केला म्हणून कोप झाला. त्या दिवशीच्या बॅचमध्ये प्रत्येकाने घरची एक स्टीलची वस्तू ठेवायची, चमचा, वाटी, घड्याळाचा पट्टा, आणि सोनेरी करून घरी न्यायची, ही मोठ्या शेठच्या काळातली गंमत केयूरने नोटीस लावून बंद केली. "कस्टमरच्या मालात चमचे?" म्हणाला. मला तेव्हा पटलं होतं. आता वाटतं, चमचेच ठेवले असते तर बरं झालं असतं.

लग्नाला आठ आठवडे राहिलेत. आई दुकानातून साड्यांचे फोटो पाठवते आणि मी त्यांना 'छान' म्हणते, बघत नाही. मामा, सांगा, घोडं कुठे पेंड खातंय? मी काय बघायचं राहिलंय?

तुमची,
स्वरदा


बोरिवली, १७ ऑक्टोबर

चि. स्वरदा,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मामीने विचारलं, काय लिहिते? म्हटलं, साड्यांचं. तिला खरं वाटलं नाही, पण वरणाला फोडणी घालायची होती म्हणून सुटलो.

आधी एक ऐक. घाबरून हात चालवू नकोस. साप साप म्हणून भुई धोपटत सुटलीस तर भुईलाच खड्डे पडतील. आपण लावतो तो थर किती? केसाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा. बंद डब्यातली हवा उपसायची, टायटॅनियमची वाफ करायची, नायट्रोजन सोडायचा आणि ती वाफ लोखंडावर बसू द्यायची. आता एवढ्या पातळ पदराखाली बोटाचा ठसा राहिला तरी तो धरत नाही. मी एकदा बॅच काढली तर प्रत्येक नगावर माझ्याच अंगठ्याच्या आकाराचं भोक! मोठे शेठ म्हणाले, मधुकर, सही छान आहे तुझी.

तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष धुण्यात असतो. पाणी बघ, साबण बघ, सुकवायची हवा बघ. त्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल येतं का ते पांढऱ्या फडक्यावर मारून बघ. रजिस्टर काढ. एकेक गोष्ट वगळत जा.

मुलुंडच्यांना मी ओळखतो, माणसं वाईट नाहीत. केयूरचं मनावर घेऊ नकोस. त्याने बापाची खुर्ची घेतली, अजून तिच्यावर नीट टेकता येत नाही, म्हणून ताठ बसतो इतकंच.

भीमराज काय म्हणतो? काही बोलला का तो? तसा तो कमीच बोलतो. त्याला फार छेडू नकोस.

मला हल्ली झोप बरी लागत नाही. वय झालं. पंप बंद करून चार वर्षं झाली तरी कानात त्यांची घरघर असते, आणि आता तर ती वाढल्यासारखी वाटते. तुझं लग्न नीट पार पडलं की सगळं ठीक होईल.

मधुमामा


दिंडोशी, २६ ऑक्टोबर, रविवार

ती. मामा,

दिवाळीचा फराळ पोचला ना? चकल्या आईच्या, कडबोळी माझी. कडक झाली असतील तर ते माझ्याच वृत्तीचं फळ समजा.

दुसरी बॅचही सोलली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लावली होती. मुलुंडचे नाही, आपलेच भंगारातले पंच, खास तपासायला. नवं पाणी, नवा साबण, हवा फडक्यावर मारून बघितली, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. बाहेर काढले, रंग पुन्हा देखणा. नख लावलं, पापुद्रा. मी तिथेच स्टुलावर बसले. भीमराज समोर उभा होता, त्याने पंच उचलला, बघितला आणि शांतपणे खाली ठेवला. एक शब्द नाही! चार वर्षं बघतेय मी त्याला. काही बिघडलं की निदान "च्यायला" तरी म्हणायचा.

मला एक वाईट सवय लागलीय. दिसेल त्याला नख लावून बघते. बँकेच्या दाराची मूठ, रिक्षाचा मीटर, ऑफिसातला नळ. काल साखरपुड्याच्या अंगठीला लावलं तर निहार म्हणाला, "अगं, खरं सोनं आहे, बिल दाखवू?" तो हसला. मला हसू येईना. बसल्या जागी पाय हलत राहतो, जेवताना उठते, उठले की कशाला उठले ते आठवत नाही.

पण मामा, रजिस्टरमध्ये सापडलं. १ तारखेचं धुण्याचं पान कोरं आहे! वेळ नाही, पाण्याचं माप नाही, सही नाही. वर्षभरात एकही दिवस असा नाही. त्या दिवशी पूजा, तोरणं, पेढे, सगळ्यांची गडबड. घाईत नुसतं बुचकळून काढलं असणार, नाहीतर धुतलंच नसणार. मी ते पान त्याच्यापुढे धरलं. म्हणाला, "मॅडम, धुतलेलं होतं." मी म्हटलं, मग लिहिलं का नाही? खाली बघत राहिला. दुसऱ्या बॅचचं काय, हे मला अजून कळलेलं नाही, पण ज्याचा हात एकदा चुकला त्याचा दुसऱ्यांदाही चुकेल.

३१ ला पाच दिवस आहेत. कारण मिळालं म्हणून मला बरं वाटायला हवं ना? पण नाही वाटत. एकोणीस वर्षं, दोन पोरं, जोगेश्वरीला भाड्याची खोली. पण मी तरी काय करू? स्वतः राजीनामा देऊ, न केलेल्या चुकीसाठी? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? लगेच लिहा.

स्वरदा


बोरिवली, ३० ऑक्टोबर

चि. स्वरदा,

तुझं पत्र परवा आलं. काल उत्तर लिहिलं आणि फाडलं. आज हे टाकतोच.

भीमराजचा हात धुण्यात चुकायचा नाही. ही माझी हमी समज. तो नग धुतो तेव्हा पोराला न्हाऊ घातल्यासारखा धुतो. पान कोरं राहिलं असेल तर त्याला दुसरं काहीतरी कारण असेल. एका कोऱ्या पानावर माणसाला घरी बसवू नकोस. केयूरकडून आठ दिवस मागून घे. माझं नाव सांग.

आणि आणखी एक कर. चेंबरच्या आतल्या भिंतींना लावलेले पत्रे उतरव, सगळे. वाळूच्या फवाऱ्याने घासून काढ, अगदी नवे दिसेपर्यंत. नग अडकवायची फिक्श्चरसुद्धा. मग चेंबर रिकामंच चांगलं पाच-सहा तास तापव, पंप चालू ठेवून. त्यानंतर तपासणीची बॅच लाव. का ते विचारू नकोस, अनुभवाने सांगतो.

तू विचारलंस, मी तुझ्या जागी काय केलं असतं. मी तुझ्या जागी नाही, याचं मला आज बरंही वाटतं आणि वाईटही वाटतं. जास्त लिहवत नाही. मामी म्हणते, तुम्ही ताटात नुसते हात फिरवता. खरंय तिचं.

भीमराजला सांभाळ. सही करू नकोस.

मधुमामा


दिंडोशी, ११ नोव्हेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र ३ तारखेला मिळालं. रिपोर्टवर मी ३१ लाच सही केली होती.

'कारण: धुण्यातील हलगर्जीपणा. जबाबदार: भीमराज.' दोन ओळी. केयूरने वाचल्या, मान हलवली, भीमराजला बोलावलं. मला वाटलं, भांडेल, माझ्यावर येईल, मी तयारीतच होते. तो कागद घेऊन बाहेर गेला, हातमोजे धुऊन वाळत घातले आणि घरी गेला. मोजे कशाला धुतले असतील? आठवडाभर मी ते मोजे बघतेय, काढायला हात होत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला, खरं सांगते. तुम्हाला तुमचा माणूस प्यारा, असंच वाटलं. तरी पत्रे उतरवले. मामा, तुम्ही म्हणजे तुम्हीच! पत्र्यांच्या मागच्या बाजूला राखाडी पूड बसलेली, पिठासारखी. घासलं, तापवलं, बॅच लावली. टणक! नख सोडा, टोच्याने ओरखडा पडेना. तीन बॅच झाल्या, तिन्ही सरस. मुलुंडला नवे पंच गेले. केयूर काल पहिल्यांदा म्हणाला, "गुड वर्क". मला मात्र तुम्ही तिथे न येता, गॅलरीत बसून, हे कसं ओळखलंत याचंच नवल वाटतंय.

आता पुढचं ऐका. ती पूड मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये दिली होती. आज रिपोर्ट आला. जस्त. जवळजवळ सगळं जस्त, थोडंसं तांबं. म्हणजे पितळ! कोणीतरी पितळेची वस्तू चेंबरमध्ये घातली, ती तापली, तिच्यातलं जस्त उकळून वाफ झालं आणि भिंतींवर, फिक्श्चरवर, माझ्या पंचांवर बसलं. त्यावर सोनेरी थर बसला तो जस्तावर, पोलादावर नाही. म्हणून सोलला. दुसरी बॅच का सोलली तेही कळलं. 'पितळ आत नाही' असा तुमच्या अक्षरातला बोर्ड चेंबरच्या दारावर आहे, आणि ही हिंमत!

माणूस कोण हे उघड आहे. खंडेनवमीला दुपारी आम्ही सगळे पेढे खात होतो तेव्हा चेंबरपाशी एकटा भीमराज होता. बाहेरच्या कुणाचे नळ नाहीतर कड्या गुपचूप सोनेरी करून द्यायचा धंदा असणार, आणि म्हणूनच पान कोरं. म्हणजे माझी सही बरोबरच होती, फक्त कारण चुकलं. मला दहा दिवस अन्न गोड लागलं नाही, ते उगाच. उद्या-परवा केयूरला लॅबचा कागद देणार आहे. तो ऐकणारा नाही, पोलिसात जाईल. जाऊ दे. औषधाच्या गोळीशी खेळ आहे हा.

तुम्ही त्याची हमी दिली होती, म्हणून तुम्हाला आधी कळवते. वाईट वाटून घेऊ नका.

स्वरदा


बोरिवली, १४ नोव्हेंबर

चि. स्वरदा,

केयूरला कागद दिला नसशील तर थांब. दिला असशील तर हे पत्रही त्याच्या हातात ठेव.

पितळ मी घातलं.

तुझ्या आजीची अन्नपूर्णा. ती माझी मावशी, तुला ठाऊकच आहे, मला तिनेच वाढवलं. जाताना मूर्ती माझ्या हातात दिली, म्हणाली, स्वरदाच्या लग्नात दे, माहेरची अन्नपूर्णा घेऊन जाऊ दे पोरीला. मुठीएवढी. चिंचेने घासून घासून नाकडोळे पुसट झालेले. मला वाटलं, अशी झिजलेली काय द्यायची? जन्मभर दुसऱ्यांची लोखंडं सोनेरी केली, ही एक करावी. तुला गौरीहरापुढे बसवतील तेव्हा ती तुझ्यासमोर लखलखावी. कधी काळी पडू नये. तुला न सांगता करायचं होतं, म्हणून ही चोरी.

पितळ आत जात नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. बोर्ड माझाच. म्हणूनच मरोळच्या एका ओळखीच्याकडून तिला आधी निकेल-क्रोमचा मुलामा देऊन घेतला. पितळी नळांच्या कामात आपण तेच करतो. पण ती कामं दीडशे अंशांची, आणि पंचांची बॅच चारशेची. चारशेला मुलामा टिकेल का? मी स्वतःला सांगितलं, टिकेल. असं मला एखाद्या शिकाऊ पोराने सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

तुम्ही पेढे वाटत होतात तेव्हा मी पिशवीतून मूर्ती काढली. भीमराज कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, पितळ आहे का?" म्हटलं, वर क्रोम आहे, काही होत नाही. त्याने पुन्हा विचारलं, "साहेब, केयूरशेठची नोटीस आहे, आणि ही गरम बॅच आहे." मी म्हटलं, चेंबर तुला कोणी शिकवलं? त्याने मूर्ती खालच्या फिक्श्चरवर ठेवली. या नादात पान लिहायचं राहिलं. नग त्याने सकाळीच धुतले होते, माझ्यासमोर.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मूर्ती घेऊन तो घरी आला. अंगभर फोड आलेले, देवी आल्यासारखे. तोंडाने काही बोलला नाही, बोलला असता तरी मला ऐकू आलं नसतं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मला सगळं समजलं. त्याला चिठ्ठी पाठवली, गप्प राहा, मी स्वरदाला सांगतो. त्याने त्याच चिठ्ठीवर लिहून पाठवलं, 'तुम्ही सांगाल तेव्हा'. आणि मी तुला काय लिहिलं? पाणी बघ, साबण बघ, रजिस्टर काढ. तुला मी हाताला धरून त्या कोऱ्या पानापर्यंत नेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं सगळ्या पत्रांत भीमराजला छेडू नकोस एवढंच लिहीत राहिलो. हमी दिली, खरं दिलं नाही.

का? लाज वाटली. तू मला गुरू मानतेस. तुझं प्रत्येक पत्र वाचून मी मामीला म्हणायचो, पोरगी अजून मलाच विचारते. ते सुटेल याची भीती वाटली. सुरुवातीला मनाची समजूत घातली की ही भेटवस्तू आहे, लग्नापर्यंत गुपित. मग कळलं की ही लबाडी आहे. आणि तोवर तू सही केली होतीस.

मी मंगळवारी जोगेश्वरीला जाऊन भीमराजला घेऊन कारखान्यात येतोय. केयूरला मीच सांगेन. मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा तू जवळ उभी राहा, नको असेल तर राहू नकोस.

मामीला सगळं सांगितलं. तिने ताट आत नेलं. आज म्हणाली, आधी जाऊन या, मग जेवा.

मधुकर


दिंडोशी, २५ नोव्हेंबर

ती. मधुमामा,

मंगळवारी तुम्ही निघून गेल्यावर सात दिवस मी काही लिहिलं नाही. राग होताच. तुमचं पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं होतं, इतकं की आई आतून धावत आली. तुम्ही मला एक ओळ लिहिली असतीत, 'पितळ मी घातलं', तर एक माणूस अठरा दिवस घरी बसला नसता. तुमच्या पत्रांची मी वाट बघायचे, मामा. त्यातला शब्द न् शब्द खरा धरायचे. हे मी विसरेन असं आत्ता तरी वाटत नाही.

पण तुम्ही आलात. भीमराजने मेव्हण्याची रिक्षा चालवायला घेतली होती, त्याच रिक्षात मागे बसून आलात. सगळ्यांसमोर उभं राहून, वहीतलं वाचावं तसं सगळं सांगितलंत. तेवढं मी मानते.

नंतर जे बोलणं झालं त्यातलं तुम्हाला निम्मंही ऐकू आलं नसणार. तुम्ही नुसती मान हलवत होतात. म्हणून लिहिते.

केयूर ओरडला ते तुम्हाला कळलंच, तो ओरडला ते फाटकावरच्या वॉचमनलाही कळलं. म्हणाला, यापुढे तुम्ही चेंबरच्या दाराला हात लावायचा नाही. पुढच्या खंडेनवमीची पूजा तो स्वतः करणार. मुलुंडच्यांना त्याने खरं कारण कळवलंय. त्यांनी माल थांबवला नाही, पण पुढचं वर्षभर प्रत्येक बॅचचा टेस्टचा तुकडा त्यांच्याकडे पाठवायचा आहे.

टेस्टच्या तुकड्याबद्दल मीही एक सांगायचं राहिलंय. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तो ठीक होता. नव्हता. ठोकून बघितला तेव्हा खड्ड्याच्या कडेला तडे दिसले होते. थोडेसे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, मुलुंडची गाडी दारात, मी 'चालेल' लिहून सही केली. तो माल मी तिथेच अडवू शकले असते. हे मी तुमच्यापासून लपवलं, केयूरपासून लपवलं, आणि दोष धुण्याचा म्हणून लिहून दिला. तेव्हा तुम्हाला मी कुठल्या तोंडाने बोलू? काल नवा रिपोर्ट लिहिला. कारणाखाली दोन नावं आहेत, तुमचं आणि माझं. केयूरने वाचला आणि ठरवलं: मार्चपर्यंत माझ्या सहीवर त्याची सही लागेल. पहिला रिपोर्ट भीमराजच्या फाईलमधून काढून माझ्या फाईलला लावलाय, मीच मागून घेतला.

आईने अन्नपूर्णा मागितली आहे. फोड आले असले तरी तीच द्या, दुसरी आणू नका. आणि ७ तारखेला या. मामांशिवाय मला मांडवात कोण नेणार? राग आहे म्हणून नातं बदलत नाही.

आता भीमराजचं. तुम्ही पायऱ्यांवर त्याचे हात धरून उभे होतात, तो खाली मान घालून काहीतरी बोलत होता, आणि तुम्ही डोळे पुसत हसलात. तुम्हाला वाटलं, तो तुम्हाला माफ करतोय. तुमच्याबद्दल तो एवढंच म्हणाला, "साहेबांचं वय झालं, त्यांना लाज वाटली, जाऊ दे." बाकीचं सगळं तो माझ्याशी बोलत होता.

मी त्याला विचारलं होतं, "भीमराज, तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी सही करत होते तेव्हा तरी?"

तो म्हणाला, "साहेबांना शब्द दिला होता मॅडम, स्वतःहून कसा बोलणार? पण तुम्ही विचारलं असतं ना, तर खोटं नसतो बोललो मी. तुम्ही रजिस्टर दाखवलं, 'लिहिलं का नाही' विचारलं, कागदावर सही केली. 'भीमराज, त्या दिवशी काय झालं?' एवढं एकदा तरी विचारायचं होतं."

मामा, मी तुम्हाला तीन लांबलचक पत्रं लिहिली. पाणी तपासलं, हवा तपासली, लॅबला पैसे भरले. आणि तो माणूस रोज आठ तास माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

तो बुधवारपासून कामावर यायला लागलाय. माझ्याशी कामापुरतं बोलतो. काल दुपारी डबा खाताना मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तुमची,
स्वरदा